निळ्या झाकणाखालचे पाणी

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या हवाई दलाचे एक विमान ऑस्ट्रेलियाला जाऊन आले. परतताना त्यात शस्त्रे नव्हती की लसी नव्हत्या. होते २७ हजार लिटर युरियाचे पाणी. महिनाभरापूर्वी चीनने युरियाच्या निर्यातीवर सक्तीच्या तपासणीचा नियम लावला होता आणि कोरिया आपल्या औद्योगिक युरियापैकी सुमारे ९७ टक्के माल चीनकडूनच घेत होता. बघता बघता पंपांसमोर ट्रकच्या रांगा लागल्या. सरकारला रेशनिंग करावे लागले : मोटारीला एका वेळी १० लिटर, ट्रकला ३० लिटर. डिझेल मुबलक होते, ट्रक धडधाकट होते, चालक तयार होते, तरी मालवाहतूक थांबण्याची भीती निर्माण झाली. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियालाही हीच टंचाई भेडसावू लागली, तेव्हा भारताने त्या देशाला ५ हजार टन युरिया देऊ केला.

ज्या द्रवासाठी लष्करी विमान उडवावे लागले, तो आज कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर, चाकणच्या कारखान्यांबाहेर आणि महामार्गावरच्या जवळपास प्रत्येक पंपावर वीस लिटरच्या बादलीत मिळतो. चालक त्याला ‘डेफ’, ‘युरिया’ किंवा ‘अ‍ॅडब्लू’ म्हणतात. डेफ म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. अ‍ॅडब्लू हे जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेकडे असलेले व्यापारचिन्ह. आत मात्र एकच गोष्ट असते : ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि ६७.५ टक्के क्षारविरहित पाणी. नाव आणि झाकण निळे असले तरी द्रव पाण्यासारखा रंगहीन असतो. बादलीतून निळा किंवा पिवळसर द्रव निघाला, तर तो गाडीत ओतू नये.

भारतात हा द्रव घराघरांत पोहोचला तो १ एप्रिल २०२० पासून, म्हणजे वाहनांच्या धुरासाठीची बीएस-सहा मानके लागू झाल्यावर. आपण बीएस-चारवरून पाचवी पायरी गाळून थेट सहावर उडी मारली. त्यामागे कारण होते. डिझेल इंजिनात हवा खूप दाबली जाते, तापमान खूप चढते आणि त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावून नायट्रोजन ऑक्साइड तयार करतो. हे वायू श्वसनमार्गाला त्रास देतात, दम्याच्या रुग्णांना अधिकच. उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनतो, आणि हवेत पुढे रासायनिक क्रिया होऊन अतिसूक्ष्म कणही बनतात. अवजड वाहनांसाठी या वायूंची मर्यादा बीएस-चारमध्ये दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती. बीएस-सहामध्ये ती ०.४ ग्रॅमवर आली. डिझेल मोटारींसाठी ती किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅम झाली.

इतकी मोठी घट निव्वळ इंजिन सुधारून साधणे फार कठीण. ज्वलनाचे तापमान उतरवले तर नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, पण काजळी वाढते आणि डिझेलही जास्त लागते. म्हणून अभियंत्यांनी दुसरी वाट धरली. इंजिनाला त्याच्या सोयीने जळू द्यायचे आणि धूर बाहेर पडण्याआधी वाटेतच धुऊन काढायचा. ही पद्धत वीजकेंद्रांच्या धुराड्यांसाठी जपानमध्ये १९७० च्या दशकात वापरात आली आणि या शतकाच्या सुरुवातीला जपान आणि युरोपच्या ट्रकवर चढली. तिचे इंग्रजी लघुरूप एससीआर.

सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत एक बारीक इंजेक्टर बसवलेला असतो. धुराचे तापमान साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की तो डेफचा फवारा मारू लागतो. उष्णतेने पाणी उडून जाते, युरिया फुटून अमोनिया होतो, आणि पुढच्या डब्यातल्या उत्प्रेरकाच्या जाळीवर अमोनिया आणि नायट्रोजन ऑक्साइड एकमेकांना भेटतात. उरतो तो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. डेफ इंजिनात जात नाही, डिझेलमध्ये मिसळत नाही. ‘डेफ टाकल्यावर मायलेज वाढते का’ हा प्रश्न पंपावर हमखास ऐकू येतो. त्याचे उत्तर असे की डेफ स्वतः मायलेज वाढवत नाही, पण ते असल्यामुळे इंजिन काटकसरीच्या पद्धतीने चालवण्याची मुभा इंजिन बनवणाऱ्याला मिळते.

खर्चाचा हिशेबही पाहून घ्यावा, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. अवजड ट्रकला १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ६ लिटर डेफ लागते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. लिटरला चार किलोमीटर देणारा भरलेला ट्रक नागपूरहून त्या रस्त्याने आला, तर सुमारे १७५ लिटर डिझेल जळेल आणि आठ-नऊ लिटर डेफ खर्च होईल. डेफचा भाव लिटरला साठ रुपये धरला तर तो खर्च पाचशेच्या आसपास. त्याच फेरीत डिझेलवर पंधरा हजारांहून अधिक रुपये जातात. म्हणजे डेफमध्ये निम्मी बचत केली, तरी ती सगळ्या इंधनखर्चाच्या दोन टक्क्यांच्याही आत राहते. एवढ्यासाठी नळाचे पाणी मिसळणे, घरी युरिया विरघळवून पाहणे किंवा बिनलेबलची बादली उचलणे हा व्यवहार तोट्याचाच आहे.

तोटा कसा होतो ते समजून घेण्यासारखे आहे. डेफसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २२२४१. त्यानुसार कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम यांचे प्रमाण प्रत्येकी किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या बोअरच्या पाण्यात हे क्षार याच्या शेकडो पटींनी सापडतात. फिल्टरचे पिण्याचे पाणीही या कसोटीला उतरत नाही. सलाईनच्या बाटलीत कोणी बोअरचे पाणी भरत नाही. डेफच्या टाकीची गत तीच आहे. क्षार आधी इंजेक्टरच्या बारीक छिद्रात बसतात, मग उत्प्रेरकाच्या जाळीवर. सोडियम, पोटॅशियम आणि फॉस्फेट तर उत्प्रेरकाची कामाची जागाच निकामी करतात. इंजेक्टर एक वेळ साफ होतो. उत्प्रेरक असा मेला की तो डबाच बदलावा लागतो आणि त्याची किंमत कित्येक वर्षांच्या डेफच्या खर्चाइतकी असू शकते.

आता शेतातल्या युरियाकडे येऊ. हा मुद्दा फक्त वाहनमालकांपुरता नाही.

शेतकऱ्याला मिळणाऱ्या युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना असते. खरा उत्पादनखर्च याच्या कितीतरी पट असून फरक सरकारी अनुदानातून भरला जातो. एका गोणीतून गणिताने सुमारे १२५ लिटर ‘डेफ’ बनते. ते लिटरला पन्नास रुपयांनी जरी विकले, तरी सहा हजार रुपये झाले. अनुदानाची गोणी मागच्या दाराने कारखान्यात का वळवली जाते, हे यावरून कळते. अशा वळवलेल्या मालावर देशात वेळोवेळी छापे पडले आहेत. खत नियंत्रण आदेश, १९८५ आणि अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली हा गुन्हा आहे. खरिपाच्या तोंडावर शेतकरी खताच्या दुकानासमोर रांगेत उभा असतो. त्याच्या वाट्याची गोणी ट्रकच्या टाकीत जाणे ही उघड लूट आहे. स्वस्त बादली घेणारा वाहनमालक नकळत त्या लुटीचा गिऱ्हाईक होतो.

हा युरिया गाडीलाही मानवत नाही. २०१५ पासून देशात बनणाऱ्या शेतीच्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. जमिनीत तो सावकाश विरघळावा हा एक हेतू, आणि कारखान्यांकडे वळवणे अवघड व्हावे हा दुसरा. हे तेल डेफमध्ये उतरले की गाळणी चिकटते आणि इंजेक्टरमध्ये कीट धरते. गोणीत खडे होऊ नयेत म्हणून वापरलेली रसायने वेगळीच. शिवाय शेतीच्या युरियात बाययुरेट हा घटक दीड टक्क्यांपर्यंत चालतो. पिकाला तेवढे सोसते, पण डेफसाठीची मर्यादा फार कडक आहे, कारण बाययुरेटपासून नळीत पांढरे, दगडासारखे कठीण थर जमतात. डेफला लागतो तो तांत्रिक दर्जाचा, कसलाही लेप नसलेला युरिया.

भेसळ ओळखण्याची सोपी युक्ती म्हणून अनेक वाहतूकदार रिफ्रॅक्टोमीटर बाळगतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना हे उपकरण ठाऊक आहे; मण्याच्या रसाचा एक थेंब काचेवर टाकून ते गोडी मोजतात. डेफसाठीच्या उपकरणावर मोजपट्टी युरियाची असते आणि आकडा ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या आत यावा लागतो. पाणी घातलेला माल त्यात लगेच पकडला जातो. परंतु या उपकरणाची मर्यादाही ध्यानात ठेवावी. प्रमाण बरोबर असले की ते ‘ठीक’ म्हणते. युरिया शेतीचा आहे की तांत्रिक दर्जाचा, पाणी शुद्ध आहे की बोअरचे, हे त्याला कळत नाही. टाकीतल्या गुणवत्ता-सेन्सरचेही तसेच. तिथे प्रमाण जमले तरी पुढे सायलेन्सरवर नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा सेन्सर बसलेला असतो आणि धुलाई नीट होत नाही हे तो संगणकाला कळवतो. पण तोपर्यंत जाळीचे नुकसान सुरू झालेले असते. म्हणून खरा भरवसा सील आणि बिल यांवरच ठेवावा लागतो : बादलीवर आयएसओ २२२४१ चा उल्लेख, उत्पादक, बॅच क्रमांक, तारीख, आणि ओळखीच्या पंपाचे किंवा अधिकृत विक्रेत्याचे बिल.

संगणकाला कमतरता किंवा भेसळ कळली की काय होते, हे घाटात अडकलेल्या चालकाला विचारावे. बीएस-सहाच्या नियमांनुसार अवजड वाहनाला आधी इशारा मिळतो, टाकीत साधारण दहा टक्के द्रव उरला असताना. तिकडे काणाडोळा केला तर इंजिनाचा जोर चतुर्थांशाने कमी होतो. चालकाच्या भाषेत ‘गाडी ओढत नाही’. तरीही भरले नाही तर शेवटी वेग ताशी २० किलोमीटरवर बांधला जातो. भरलेला कंटेनर कसारा घाटात या अवस्थेत गेला तर मागे काय रांग लागेल, याची कल्पना करता येईल. मोटारींमध्ये रीत वेगळी असते. पहिला इशारा बऱ्याच आधी मिळतो, मग उरलेल्या किलोमीटरांची उलटी मोजणी दिसते आणि ती शून्यावर आली की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. चालत्या गाडीचे इंजिन त्यामुळे बंद पडत नाही, पण चहासाठी थांबून किल्ली फिरवली की प्रवास तिथेच संपतो.

अशा वेळी महामार्गावरचा एखादा मिस्त्री ‘बायपास’ सुचवतो. संगणकाला खोटा संदेश देणारी छोटी पेटी बसवायची, म्हणजे डेफ भरले नाही तरी गाडी पूर्ण ताकदीने पळते. हे बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्यात परवानगीशिवाय वाहनात असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. मात्र अंमलबजावणीत एक मोठे भगदाड आहे. आपल्या पीयूसी केंद्रात डिझेल वाहनाच्या धुराचा फक्त काळेपणा मोजला जातो. नायट्रोजन ऑक्साइड त्या यंत्राला दिसतच नाहीत. त्यामुळे पेटी बसवलेला ट्रक हातात वैध प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकतो, आणि त्याच्या मागे दुचाकीवर येणाऱ्याच्या छातीत मानकापेक्षा कितीतरी जास्त विषारी वायू जातो.

फसवणूक केवळ रस्त्याच्या कडेलाच होते असेही नाही. फोक्सवॅगनने चाचणीच्या वेळी तेवढा धूर स्वच्छ ठेवणारी आज्ञावली जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख मोटारींमध्ये बसवल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले. युरोपीय आयोगाने जुलै २०२१ मध्ये फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला, तो तर थेट डेफशी निगडित होता. या कंपन्यांनी आणि डेमलरने अ‍ॅडब्लूच्या टाकीचा आकार आणि एका भरणीत किती अंतर जायचे यावर आपसात संगनमत केले होते. कायद्याला लागते त्याहून धूर अधिक स्वच्छ करण्याची क्षमता हाती असूनही त्यात स्पर्धा करायची नाही, असे ठरवले होते. डेमलरने माहिती दिल्यामुळे तिचा दंड माफ झाला. मोठ्या कंपन्यांनी असे केले म्हणून छोट्या वाहतूकदाराचा ‘बायपास’ क्षम्य ठरत नाही. दोन्हीकडे नुकसान त्याच फुप्फुसांचे होते.

शुद्ध डेफ विकत घेतल्यावरही ते बिघडू शकते. उष्णता हा त्याचा मोठा शत्रू. २५ अंशांत ठेवलेले डेफ साधारण दीड वर्ष टिकते, ३० अंशांत वर्षभर, तर ३५ अंशांत सहा महिन्यांच्या आसपास. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली रचलेल्या बादल्यांचे आयुष्य याहून कमी. युरिया फुटू लागतो आणि झाकण उघडताच अमोनियाचा उग्र दर्प येतो. म्हणून बादली सावलीत, सीलबंद ठेवावी आणि उघडली की लवकर संपवावी. मोटारवाल्याने तर वर्षाचा साठा करण्याचा विचारच करू नये.

थंडीचे गणित निराळे. डेफ उणे ११ अंशांना गोठते. पुण्या-मुंबईची कुटुंबे डिझेल गाडी घेऊन हिवाळ्यात मनाली, स्पितीकडे जातात तेव्हा रात्री टाकीत बर्फ होऊ शकतो. त्याची भीती नको. टाकीला तापवण्याची सोय असते, गाडी तशीही सुरू होते आणि वितळल्यावर द्रव पूर्वीसारखाच कामाचा राहतो, कारण या विशिष्ट प्रमाणात युरिया आणि पाणी एकत्रच गोठतात. गोठताना तो सुमारे सात टक्के फुगतो, म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. गोठू नये म्हणून त्यात काही मिसळणे मात्र सर्वांत वाईट.

भरताना होणाऱ्या चुका साध्या असतात आणि महागात पडतात. ऑइलची किंवा डिझेलची किटली धुऊन त्यातून डेफ ओतले जाते. तेलाचे काही थेंबही या यंत्रणेला पुरेसे घातक ठरतात. तांबे, पितळ, जस्त, साधे लोखंड यांना डेफ खाते आणि तो धातू द्रवात उतरतो, म्हणून गॅल्वनाइज्ड बादली किंवा पितळी नळ चालत नाही. ठरावीक दर्जाचे प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टील हवे. पंपावरच्या डेफच्या नोझलची नळी १९ मिलिमीटरची, डिझेलच्या नोझलपेक्षा बारीक असते, त्यामुळे डिझेलचे नोझल डेफच्या तोंडात सहसा जात नाही. हाताने ओतताना मात्र असा अटकाव नाही. घाईत डेफ डिझेलच्या टाकीत गेले, किंवा डिझेल डेफच्या टाकीत, तर किल्ली फिरवू नये, इग्निशनही चालू करू नये. पंप फिरला की चूक सगळ्या यंत्रणेत पसरते. टो करून गॅरेजला नेऊन टाकी उपसली, तर नुकसान बहुधा तिथेच थांबते. सांडलेले डेफ पाण्याने धुवावे. झाकणाभोवती दिसणारी पांढरी पूड हा वाळलेला युरिया असतो, तीही ओल्या स्वच्छ फडक्याने निघते.

एक बारकावा जुन्या, अनुभवी चालकांकडूनही सुटतो. इंजिन बंद केल्यावर डेफचा पंप लगेच थांबत नाही. नळ्यांतला द्रव तो उलट ओढून टाकीत परत नेतो. त्याला मिनिट-दोन मिनिटे लागतात. ट्रकचालक मुक्कामाला पोहोचताच सवयीने बॅटरीचा मुख्य कटऑफ ओढतात, द्रव नळीत आणि इंजेक्टरमध्ये राहतो, उष्णतेने वाळतो आणि खडे धरतो. नंतर ‘इंजेक्टर चोक’ म्हणून बिल येते. दोन मिनिटे थांबून कटऑफ ओढला तर हा खर्च वाचतो. तीच गोष्ट तासन् तास इंजिन चालू ठेवून उभे राहण्याची आणि शहरातल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांची. धूर पुरेसा तापत नाही आणि युरिया पूर्ण न फुटता नळीत थर धरतो. अशा गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग पळवणे हितकारक आहे.

वाहनमालकांनी आपली बाजू सांभाळावी, पण परिवहन खात्यानेही हात झटकू नयेत. बीएस-सहा वाहनांत डेफचा वापर, नायट्रोजन ऑक्साइड सेन्सरचे इशारे, काढून टाकलेले भाग यांच्या नोंदी संगणकात साठलेल्या असतात आणि साध्या स्कॅनरने त्या वाचता येतात. अवजड वाहनांच्या फिटनेस तपासणीत हा स्कॅनर लावणे सक्तीचे केले, तर पेटी बसवलेले बरेच ट्रक पहिल्याच फेरीत सापडतील. सुट्या डेफच्या विक्रेत्यांकडून नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासणे आणि वळवलेल्या युरियाच्या गोण्यांचा माग काढणे, ही कामे कृषी आणि परिवहन या दोन्ही खात्यांनी मिळून करायला हवीत. तोपर्यंत वाचकांपैकी ज्यांच्या दारात डिझेल गाडी उभी आहे, त्यांनी पुढच्या वेळी बादली घेताना सील आणि तारीख पाहावी, बिल मागून घ्यावे आणि ते जपून ठेवावे. उत्प्रेरक बिघडून वॉरंटीचा वाद उद्भवला, तर हेच बिल आधाराला येते.